बाबांच्या फोटोमागची डबी

ज्या वर्षी आपलं यान चंद्राच्या दक्षिण टोकाजवळ उतरलं, त्याच वर्षी माझे वारलेले वडील अकोल्याच्या घरात पुन्हा बोलायला लागले. पहिल्या घटनेचं श्रेय देशातल्या शास्त्रज्ञांचं. दुसरी माझ्या हातून घडली.

मी अमरावतीत राजापेठेजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. शाळेच्या प्रदर्शनासाठी दर वर्षी ‘यंदाचे दहा शोध’ असा मोठा तक्ता करायचा, हे माझं ठरलेलं काम. एरवी दहा भरताना घाम फुटतो (एका वर्षी नवव्या क्रमांकावर मी न गळणारं पेन टाकलं होतं!), पण त्या वर्षी जागा पुरेना. चंद्रावर यान. सूर्याकडे निघालेलं दुसरं यान. लघुग्रहावरची माती थेट पृथ्वीवर आणलेली. साऱ्या विश्वात एक मंद घुमणं सतत चालू असतं, त्याचा पुरावा. एका काळ्या दगडातून वीज विनाअडथळा वाहते म्हणून गाजावाजा झाला आणि महिनाभरात तो विझलाही. मी तोवर दगड रंगवून मोकळा झालो होतो. शेवटी त्याच्यावर यानाचं चित्र चिकटवलं.

दहावा शोध आवाजाच्या नकलेचा. एखाद्या माणसाचं थोडंसं बोलणं संगणकाला ऐकवलं की तो हुबेहूब त्याच आवाजात वाट्टेल ते बोलून दाखवतो. बाकीच्या नऊ शोधांचा प्रयोग मला घरी करता येण्यासारखा नव्हता. हा होता. तिथेच सगळं बिनसलं.

आई अकोल्याला एकटी राहायची. बाबांना जाऊन दहा महिने झाले होते आणि तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या रोज चुकत होत्या. कारण गोळी कधी घ्यायची हे तिला माहीतच नव्हतं. सकाळी आठला, दुपारी एकला आणि रात्री आठला बाबा तळहातावर गोळी ठेवून तिच्यासमोर उभे राहायचे आणि म्हणायचे, “अवं, गोळी!” बाबा गेले आणि तो तळहातही गेला. एकदा ती नळाजवळ चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, “गोळ्या अशाच चुकल्या तर एक दिवस अर्धं अंग जाईल. मग मला विचारू नका.”

मी आईला अमरावतीला चल म्हणालो.

“तुह्या फ्लॅटात येऊन काय करू? आपल्या खिडकीतून दुसऱ्याच्या खिडकीत पाहू?” एवढं बोलून तिने विषय संपवला.

बाबा अकोल्याच्या बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करायचे. तीस वर्षं! निवृत्त झाल्यावर घोषणेला गाड्या उरल्या नाहीत, मी उरलो. मी अकोल्याला निघालो की माझ्या मोबाइलवर त्यांचे बोललेले संदेश सुरू व्हायचे. “निघाला काय?” “बडनेरा आलं काय?” “मूर्तिजापूर सोडलं काय बे?” असे एकेचाळीस संदेश माझ्याकडे होते. बाबा गेल्यापासून मी ते पुसले नव्हते आणि ऐकलेही नव्हते. त्या रविवारी मात्र सगळेच्या सगळे संगणकाला ऐकवले.

“अहो, गेलेल्या माणसाले जाऊ द्यावं,” माझी बायको कल्पना म्हणाली. “आवाजाले धरून ओढून आणू नये.”

“हे विज्ञान आहे.”

“म्हणूनच तं भेव वाटते. भूत असतं तं तुमच्या आईनंच हाकललं असतं.”

मी दुर्लक्ष केलं. अॅपमध्ये एक रकाना भरल्याशिवाय पुढे जाताच येत नव्हतं: ‘ज्यांच्याशी बोलायचं त्यांचं नाव’. मी ‘कौसल्या’ असं आईचं नाव टाकलं. खाली ‘मोकळा संवाद’, म्हणजे समोरचं ऐकून आपल्या मनाने उत्तर देणं, अशी चौकट होती, तिच्यावरही खूण केली. (फुकट होती!) मग अॅपने बाबांच्या आवाजात पहिलं वाक्य ऐकवलं: “कौसल्या, गोळी घेतली काय?” माझ्या अंगावर सरसरून काटा आला. तो मी यशाचा काटा समजलो.

त्याच दिवशी अकोल्याला जाऊन माझा जुना मोबाइल आणि पेढ्याच्या डबीएवढा स्पीकर रबरबँडने एकत्र बांधले आणि बाबांच्या हार घातलेल्या फोटोमागे बसवले. आईला सांगितलं, “गोळ्यांची आठवण करून देणारं एक यंत्र लावलंय.” कोणाच्या आवाजात, ते सांगितलं नाही. तिला सुखद धक्का द्यायचा होता. डॉक्टरांनी धक्क्यांपासून जपायला सांगितलं होतं, हे मला परतीच्या गाडीत आठवलं.

दुसऱ्या दिवशी सोमवार, पितृपक्षातला. दहाच्या सुमारास स्टाफरूममध्ये फोन वाजला. शेजारच्या शांताकाकू कुजबुजत होत्या.

“सर, जसे असान तसे निघा. तुमच्या घरात तुमचे बाबा बोलून राह्यले.”

“काकू, घाबरू नका, ते...”

“मी कायले घाबरू? भाजीवाली टोपलं फेकून पयाली! साऱ्या गल्लीनं आवाज वयखला!”

मग आई फोनवर आली. तिचा आवाज इतका शांत होता की मीच गार पडलो.

“विजू, ते तुहे बाबा नाहीत.”

“आई...”

“आवाज त्याईचाच हाय. पण आत कोनी दुसरंच हाय. त्यानं मले नावानं हाक मारली.”

आमच्याकडे त्या पिढीत नवरा बायकोचं नाव घेत नसे. बाबांनी चव्वेचाळीस वर्षं ‘अवं’वर काढली. माझ्या लग्नाच्या पत्रिकेत छापायला आईचं नाव लागलं, तेव्हाही त्यांनी ते कागदावर लिहून दिलं होतं. आणि मी ते त्यांच्या तोंडी घातलं, तेही फोटोमागून, भर पितृपक्षात!

“गोळी घेतलीस ना?” मी विचारलं.

“ते गोळीच मांगून राह्यलं. गोळी घेतली काय, गोळी घेतली काय. असं परकं कोनी खा म्हणते, तं कोनी खाते काय? फेकल्या मी साऱ्या.”

म्हणजे आधी अधूनमधून तरी ती गोळी घेत होती. माझ्या विज्ञानाने आता पूर्ण बंद झाली.

त्याच क्षणी ‘आई, ते यंत्र मीच लावलंय’ एवढं म्हटलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण शेजारी मुख्याध्यापक बसले होते, आणि अकोल्याच्या त्या गल्लीत मला ‘सर’ म्हणतात. म्हटलं, गुपचूप जाऊन डबी काढून आणू. अॅप दुरून बंद करता येत होतं, पण पासवर्ड आठवेना. (पासवर्ड कसा जपावा, हे मुलांना मीच शिकवतो!)

अकोल्यात पोचलो तेव्हा एक वाजायला पाच मिनिटं होती. ऑक्टोबरचं ऊन असं पांढरं पडलं होतं की गल्लीत सावली म्हणून उरली नव्हती. एकही दार उघडं नव्हतं, कुत्रंसुद्धा नव्हतं. भाजीवालीची वांगी रस्त्यावर पडलेली होती, आणि ती कोणी उचलली नव्हती. आमच्या गल्लीत फुकटची वांगी पडून राहतात म्हणजे भीती केवढी असेल!

आई शांताकाकूंच्या ओसरीवर बसली होती. चेहरा लालबुंद आणि डोळे आमच्या दारावर लागलेले. काकूंनी तर निदानही करून ठेवलं होतं.

“सर, पितर कुठी राहतेत? चंद्रावर! अन् तुमी तथी गाडी उतरवली. त्याईच्या अंगनात चाकं फिरवली! मंग ते उठून येतीन नाई तं काय करतीन?”

“काकू, गाडी मी नाही उतरवली.”

“तुमीच तं आमाले परातीत कनीक पसरून समजावून सांगतलं, अशी उतरते म्हणून! पेढेबी तुमीच वाटले!”

खरं तर चंद्रावरची ती गाडी केव्हाच झोपी गेली होती, शास्त्रज्ञांनी हाका मारूनही उठली नव्हती. अकोल्यात मात्र कोणी न बोलावता बाबा उठून बसले होते. काकूंनी आमच्या दाराला लिंबू-मिरची बांधून उंबऱ्यावर कुंकवाची जाड रेघ ओढली होती. मी विज्ञानाचा शिक्षक असल्यामुळे ती रेघ ओलांडून आत गेलो. चप्पल बाहेर काढायला विसरलो, इतका मी शांत होतो.

आत अंधार वाटत होता. पंखा बंद होता. आईच्या चहाचा कप तसाच भरलेला, वर साय धरलेली. कुठून तरी एक मंद घुमणं येत होतं, थांबतच नव्हतं. मला तक्त्यावरचा चौथा शोध आठवला. नंतर कळलं, फ्रिज होता.

घड्याळात एक वाजला.

“कौसल्या, दुपारची गोळी घेतली काय?”

मला सगळं माहीत होतं. रबरबँडसुद्धा मीच बांधलेला! तरी पाय जागेवरून हलेनात. कसाबसा फोटोपर्यंत पोचलो आणि माझ्या चपलेचा फरशीवर आवाज झाला.

“कोन आलं?” फोटो म्हणाला.

मी घाईने चप्पल काढली.

“कुठपर्यंत पोचला बे?”

आणि मी, विज्ञान विषयात दोन पदव्या असलेला माणूस, बाबांच्या फोटोसमोर उभा राहून म्हणालो, “बाबा, मूर्तिजापूर सोडलं.”

मग बाबा म्हणाले, “सावकाश येजो. घाई नोको करू.”

हे वाक्य एकेचाळीस संदेशांत कुठेही नव्हतं. बाबांनी जन्मात कधी ‘सावकाश’ म्हटलं नव्हतं. ते म्हणायचे, “लवकर ये, जेवन थंडं होऊन राह्यलं.” ही नवी माया त्यांच्या आवाजात कोणी घातली? मी फोटो छातीशी धरला आणि पळत सुटलो. दारात लिंबू-मिरचीचा दोरा चष्म्यात अडकला, कुंकवावरून पाय घसरला, आणि लाल तळव्यांचा, कानाला मिरच्या लोंबकळणारा, वडिलांचा फोटो कवटाळलेला मी रस्त्यावर येऊन आडवा झालो. डबी सुटून वांग्यांत पडली.

“कौसल्या,” वांगी म्हणाली, “गोळी घेतली काय?”

सगळी दारं उघडली आणि सगळी बंद झाली. काकू कुठे गेल्या ते दिसलंसुद्धा नाही. आई मात्र उठली. पदर खोचला, तोल सावरत आली, डबी उचलली आणि तोंडासमोर धरली.

“मी कोन हावो?”

“तू कौसल्या.”

“कालची वांग्याची भाजी कशी झाली होती?”

“फारच छान झाली होती.”

आईने माझ्याकडे पाहिलं. “हे ते नाहीत. चव्वेचाळीस वर्षांत त्याईनं माह्या भाजीले छान म्हटलं नाई.”

मग मात्र मी सगळं कबूल केलं. रस्त्यात, वांग्यांत बसून, मिरच्या कानावर तशाच. एकेचाळीस संदेश, रकाना, मोकळा संवाद, सगळं. मला वाटलं ती थोबाडीत देईल. तिने दिली असती तर बरं झालं असतं. ती माझ्याजवळ खाली बसली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

“मले वाटलं, तेच आले. अन् कायचा तरी राग धरून परके झाले, म्हणून नाव घेऊन राह्यले. सकाळपासून एवढंच मनात, की माहं चुकलं काय?”

एवढं लाजिरवाणं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. खिशातून मी गोळी काढली, येताना दुकानातून घेतलेली, आणि तळहातावर धरली. तिने ती बराच वेळ पाहिली. मग काकूंच्या ओसरीवरच्या तांब्यातलं पाणी मागितलं आणि घेतली.

“आता हे काढ,” ती म्हणाली. “त्याईचा आवाज त्याईच्यापाशी राहू दे.”

“काढतो. मग गोळ्यांचं कसं?”

“तुहा आवाज टाक त्यात.”

“माझा? माझा कशाला?”

“तुह्या बाबाचा आवाज मले चांगला याद हाय रे,” आई म्हणाली. “तुहाच इसरून राह्यली मी.”

डबीत आता मी आहे. दिवसातून तीनदा फोटोमागून विचारतो, “आई, गोळी घेतली का?” आणि आई हातातलं काम टाकून उत्तर देते. रक्तदाब उतरला, डॉक्टर खूश आहेत. काकू गल्लीत सांगतात, सर हजार कामं असूनबी आईले रोज इचारते. ऐकून मला बरं वाटायचं, मग फार वाईट वाटायला लागलं. म्हणून एका गुरुवारी मधल्या सुट्टीत मी स्वतः फोन लावला.

“आई, गोळी घेतलीस का?”

मग फोन बाजूला धरून तिने काकूंना सांगितलेलं मला स्पष्ट ऐकू आलं, “शांताबाई, डबी बिघडली वाटते, फोनवरबी येऊन राह्यली! खरा विजू असता, तं त्यानं कायले फोन केला असता?”

आणि तिने फोन ठेवून दिला. मी स्टाफरूमचं दार हळूच लोटलं आणि कोणी ऐकत नाही असं पाहून, आपल्याच आवाजात एकदा “हॅलो” म्हणून पाहिलं. खरं सांगतो, मलाही खात्री वाटेना!