लेऑफमधली जेवणं

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काही केलं ते म्हणजे वाल सोलले. परातीत कोमट पाणी, त्यात मोड आलेले वाल, एका बाजूला माझी बायको, एका बाजूला मी. वैशाख सरत आलेला, दुपारची वेळ, दार सताड उघडं. ती चिमटीत दाणा धरून दाबायची की साल बोटात आणि दाणा ताटात. माझी बोटं मोटारीचे दरवाजे बसवून जाड झालेली. माझा दाणा सटकायचा तो थेट उंबऱ्याबाहेर, आणि तिथे घरमालकिणीच्या कोंबड्या टपलेल्याच.

"तुम्ही राहू द्या," ती म्हणाली. "कोंबड्यांसाठीच बिरडं होतंय."

"मग कसे सोलायचे ते दाखव."

"दाखवून येत नाही ते. तुमच्या फोरमनला विचारा."

मी उठलो नाही. सगळे वाल संपेपर्यंत बसलो. एवढंच झालं. दुसऱ्या दिवशी पहाटे तिला उलट्या सुरू झाल्या आणि दिवस मावळायच्या आत ती गेली.

मी चौथी शिकलेला. लिहायची सवय नाही. पण आता वय झालंय आणि त्या सात महिन्यांबद्दल मी कुणाशी खरं बोललेलो नाही, म्हणून लिहितो.

आम्ही कोपरला राहायचो. तेव्हा कोपर म्हणजे गाव होतं, आगरी लोकांचं. भातखाचरं, मग खाडी. एका म्हातारीच्या घराची मागची खोली भाड्याने घेतलेली. बांधावरून चालत डोंबिवली स्टेशन गाठायचं आणि ठाण्याला उतरायचं, तिथे आमचा मोटारीचा कारखाना. मोटारी म्हणजे काय, सुटे भाग परदेशातून पेट्यांत भरून यायचे आणि आम्ही ते जोडायचो. मी दरवाज्यांवर होतो. बिजागरी बसवायची, फट सारखी करायची, दार लावून बघायचं. नीट बसलेलं दार कसं वाजतं ते मला झोपेतसुद्धा कळलं असतं.

मग सरकारने सांगितलं म्हणे, की नुसते भाग जोडत बसू नका, इथे बनवा. वरच्या साहेबांचं तेव्हापासून काही ठरेना. एका महिन्यात मोटारी कमी, ट्रक जास्त. कार्तिकात फळ्यावर नोटीस लागली आणि दरवाजेवाल्यांना लेऑफ दिला. लेऑफ म्हणजे काम नाही, पण नाव पटावर आणि अर्धा पगार. अट एकच. रोज सकाळी पाळीच्या वेळेला गेटावर हजर राहून सही करायची. काम असलं तर आत घेतील, नसलं तर घरी. सही चुकली तर तो दिवस गेला, आणि पुढे माणसं आत घ्यायची वेळ आली की तुझं नाव सगळ्यात खाली.

पहिल्या दिवशी नऊ-साडेनऊला घरी परतलो तेव्हा ती घाबरली. तिला वाटलं हात कापला.

"ट्रक करणार आता," मी सांगितलं. "आमचं काम नाही."

"का? ट्रकला दरवाजे नसतात?"

"नसतात."

"मग डायव्हर आत कसा जातो?"

"अगं, कंपनी नुसता सांगाडा विकते. इंजिन, चाकं आणि बसायला एक खोकं. घेणारा तो तसाच चालवत नेतो आणि लाकडाची केबिन बाहेर सुताराकडून करून घेतो."

तिने थोडा विचार केला. "म्हणजे तुमच्यापेक्षा सुतार बरा."

मालकीण म्हातारी ओटीवर जाळं विणत बसलेली असायची. तिने चार दिवस माझं जाणं-येणं बघितलं आणि पाचव्या दिवशी विचारलं, "काय रं, ती कंपनी हाय का देऊल? रोज जातंस न नुसतं पाया परून येतंस." त्यावर आमची ही इतकी हसली की तिला ठसका लागला.

सांगायची गोष्ट पुढे आहे. लग्नाला अकरा वर्षं झालेली आणि आम्ही दोघं दुपारी एकत्र कधी जेवलो नव्हतो. मी पहाटे डबा घेऊन बाहेर, ती कधी जेवायची, काय जेवायची मला ठाऊक नाही. रविवारीसुद्धा आधी मला वाढायची, मग मागे बसून उरलंसुरलं खायची. लेऑफच्या पहिल्या आठवड्यात मी म्हटलं, "तुझं ताट घे."

"लोक काय म्हणतील?"

"लोक आपापल्या ताटात बघतायत."

तीन-चार दिवस तिने ऐकलं नाही. मग एकदा घेतलं, पण भिंतीकडे तोंड करून बसली. महिन्याभराने समोर बसली. तेव्हा मला कळलं की ती आधी भात खाते आणि भाकरी शेवटी. जवळ्याला वरून मीठ घेते. जेवताना पाणी पीत नाही. घास चावताना डावा गाल थोडा फुगतो. अकरा वर्षं मी त्या बाईच्या हातचं खाल्लं आणि हे काही बघितलेलं नव्हतं. मूलबाळ नव्हतं आम्हाला, त्यामुळे खोलीत आम्ही दोघंच. त्या जेवणांसाठी मी आजही काय वाटेल ते देईन. देण्यासारखं काही उरलेलं नाही, ती गोष्ट वेगळी.

हात रिकामे राहवेनात म्हणून मी गावातली दारं नीट करायला लागलो. खाडीच्या हवेने कोपरची सगळी दारं फुगलेली, खाली घासणारी. पैसे कोण देणार. कुणी बोंबील द्यायचं, कुणी मूठभर वाल. संध्याकाळी ती विचारायची, "आज किती माशांचं दार झालं?"

तिची एकच इच्छा होती. तिची आई दाभोळच्या बाजूला एका गावात होती, डोळ्यांनी अधू झालेली. शेजारच्या पोराकडून आईने कार्ड लिहून घेतलेलं, की एकदा येऊन जा, मला अजून थोडं दिसतंय. बोटीने जायला एक दिवस, यायला एक दिवस, मध्ये राहणं. म्हणजे चार-पाच सह्या चुकणार. आणि पावसाळ्याआधी बोटी बंद होतात, त्या श्रावण उलटल्यावर सुरू होतात. त्यामुळे जायचं तर वैशाख संपायच्या आत.

मी म्हटलं, कंपनीचं एकदा ठरू दे, मग जाऊ.

कंपनीचं काय ठरतंय. पौषात नोटीस लागली, नवीन छोटी मोटार येणार, चार दरवाज्यांची, सगळ्यांना महिन्याभरात आत घेऊ. तिने कपडे काढून उन्हात घातले, म्हणाली आत जायच्या आधीच चार दिवस मागून घ्या. मी गेटावर सह्या घेणाऱ्या टाइमकीपरला विचारलं. तो म्हणाला, "आत्ता जाऊ नकोस, कधीपण बोलावतील." पेट्या धक्क्यावर अडकल्या, परवाना आला नाही, आणि महिना गेला. माघात नऊ दिवस आत घेतलं आणि दहाव्या दिवशी पुन्हा बाहेर काढलं, कारण चार दरवाज्यांची रद्द. आता दोन दरवाज्यांची करणार.

हे ऐकून ती म्हणाली, "चार होते तेव्हा तुम्ही सगळे. दोन झाले तर निम्मे. उद्या एकच दरवाजा केला तर साहेबाला स्वतःच बसवावा लागेल."

मी हसलो नाही. निम्म्यांत मी आहे का नाही ते मला माहीत नव्हतं.

आता जे लिहायचं ते लिहितो. चैत्रात कल्याणहून तिच्या गावचं एक कुटुंब आलं. नवरा, बायको, त्याची आई. लग्नाला गावी निघालेले. ती बाई म्हणाली, "ताई, आमच्याबरोबर चल की. दारापर्यंत पोचवतो आणि येताना घेऊन येतो. भाऊजी सह्या करत बसूदेत."

ही माझ्याकडे बघत राहिली. चहाचा कप तिच्या हातात होता तो तिने खालीसुद्धा ठेवला नाही.

मी म्हटलं, "नको. पुढच्या महिन्यात आम्ही दोघं जाणारच आहोत. जावयाने तोंड दाखवायला नको का?"

बोलणं चांगलं होतं. त्या म्हाताऱ्या बाईने मानसुद्धा डोलावली. पण खरं कारण ते नव्हतं. ती बारा-पंधरा दिवस गेली असती तर दुपारी समोर ताट कुणाचं? मला एकट्याला जेवायचं नव्हतं. सहीचं कारण मी वर्षानुवर्षं लोकांना सांगितलं, ते निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं हे.

पाहुणे गेल्यावर तिने कप विसळले. म्हणाली, "वैशाखात नक्की ना?"

"नक्की."

"कंपनीचं नक्की, का तुमचं?"

"माझं."

तिने पुन्हा विचारलं नाही. वैशाखात मी आणखी दोनदा टाइमकीपरकडे गेलो. तो म्हणायचा, याच आठवड्यात ठरतंय. आणि मलाही ते ऐकायला बरं वाटायचं, हे लपवत नाही.

ती आजारी पडली तेव्हा पहाट होती. ऊन चढेपर्यंत तिला उठवेना. म्हातारीच्या मुलाने बैलगाडी जुंपली आणि आम्ही कल्याणच्या दवाखान्याकडे निघालो. ती गाडीत माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडलेली. ओठ सुकलेले. रस्त्याला कुठेतरी डोळे उघडून म्हणाली, "आज सही राहिली तुमची."

मी म्हटलं, "गप बस."

तिच्याशी माझं शेवटचं बोलणं हे. डॉक्टरने सुया टोचल्या, सलाईन लावलं. तिसऱ्या प्रहरी सगळं थांबलं. तीच बैलगाडी, तोच रस्ता. उजेड होता तोवर खाडीकाठी अग्नी दिला. म्हातारीने मला ओटीवर बसवलं आणि पेज आणून ठेवली. मी ती प्यालो. भूक लागलेली. माणसाला भूक लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीच्या वेळेला उठलो, आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला. म्हातारीने विचारलं, "खय चाललास? सुतक हाय तुला. उद्या राख गोला कराची."

"सासूला सांगायला चाललो."

"कारड टाक."

"कार्ड तिला वाचता येत नाही. दुसरं कुणीतरी वाचणार, आणि गल्लीभर सगळ्यांना तिच्याआधी कळणार. राखेचं तुमचा मुलगा बघेल. नाहीतर भरतीचं पाणी बघेल."

असं बोलू नये. पण मी बोललो. म्हातारी रागावली नाही. तिने फडक्यात दोन भाकऱ्या बांधून दिल्या.

डोंबिवलीला रोजची गाडी पकडली. डब्यात माझ्याबरोबर दरवाज्यांवर काम करणारा एक जण होता, कळव्याच्या आधी तो उठून माझ्याजवळ आला. खूश होता.

"अरे, काल कुठे होतास? ठरलं शेवटी. चार दरवाज्यांचीच करणार, आपल्या सगळ्यांना आज आत घेतायत. टाइमकीपर म्हणाला, आज जो नसेल त्याचं नाव कापणार. तुझं नाव पुकारलं काल दोनदा."

मी म्हटलं, "बायको गेली काल."

तो उभ्या उभ्या दांडी धरून राहिला. मग ठाणं आलं. सगळे उतरायला लागले. त्याने माझा दंड धरला आणि हळू आवाजात म्हणाला, "उतर. सही करून जा. पाच मिनिटं लागतील. मी टाइमकीपरला सांगतो, तो माणूस वाईट नाही. पाच मिनिटं, ऐक माझं."

"मला दाभोळची बोट गाठायचीय," मी म्हटलं. "या आठवड्यात बंद होतात."

"आता जाऊन काय करणार आहेस रे?"

तो उतरला. गाडी सुटली तरी खिडकीचे गज धरून फलाटावर थोडा चालत आला, काहीतरी म्हणत होता. मी जागेवरून उठलो नाही. मशीद स्टेशनला उतरलो आणि भाऊच्या धक्क्याकडे चालत गेलो.