नुसतं बघत राहणं

ओपीडीबाहेरच्या बाकावर एक वडील लेकीच्या नडगीवर अंगठा दाबत होते. अंगठा उचलला की तिथं खळगा पडायचा, आणि तो भरून येईपर्यंत ते टक लावून बघायचे. सूज किती आहे, हे कळायची ती त्यांची रीत. लेक वैतागून म्हणाली, "पप्पा, पाय आहे माझा, कणीक नाही!"

तिचा मूत्रपिंडाचा आजार इतका विरळा, की एकेका डॉक्टरच्या वाट्याला एखाददुसराच असा रुग्ण येतो. पुढे त्याचं काय होतं, हे कुणालाच नीट ठाऊक नाही. म्हणून आम्ही काही डॉक्टर मिळून अशा रुग्णांना वर्षानुवर्षं तपासत राहण्याचा अभ्यास आखतोय. लेकीला त्यात घेऊ का, असं मी वडिलांना विचारलं.

"नवीन औषध देणार?"

"नाही. फक्त बघत राहणार."

"ते तर आम्हीही करतो, डॉक्टर." मग ते म्हणाले, "आणि तुम्हीच मध्ये सोडलंत तर?"

रुग्ण यायचे थांबले तर काय करायचं, यावर आमच्या कितीतरी बैठका झाल्या होत्या. हा प्रश्न मात्र कुणालाच पडला नव्हता. मला तरी पडायला हवा होता. हातात औषध नसलं की मी अशा रुग्णांना लांबच्या तारखा देत आलोय. माणूस समोर नसला की आपलं रितेपण टोचत नाही. बघत राहायलाही धीर लागतो, आणि तो माझ्यात कमी पडला.

"याआधी सोडलंय मी," मी म्हणालो.

वडिलांनी लेकीकडे पाहिलं. लेकच बोलली, "चालेल, येऊ आम्ही. पण तुम्ही येताय की नाही, ते मी बघणार."