पुलीची जड बाजू

वाटणीत लोखंड कातायची लेथ दादाने घेतली. तुर्भ्याच्या आमच्या कारखान्यातलं ते एकच मशीन, ज्यावर माझा जीव होता. बाकीच्या मशीनांकडे मी, ती किती पडत्या भावात पदरात पाडली एवढंच बघायचो. सहा वर्षांत मी गाळा विकला, सानपाड्याच्या रो-हाउसमध्ये स्वस्थ बसायचं ठरवलं आणि दोन महिन्यांत कंटाळलो. मग मागच्या अंगणावर पत्रा टाकला आणि तुर्भ्याच्याच एका भंगारवाल्याकडून जुनी लेथ उचलली, त्याने सांगितलेल्या भावाच्या निम्म्यात. वर घासाघीस करून ओतीव लोखंडाची मोठी पुली आणि मूठभर चाव्या फुकट घेतल्या. चावी म्हणजे कुलपाची नव्हे. पुली शाफ्टवर, म्हणजे फिरत्या दांड्यावर, घसरू नये म्हणून दोघांच्या खाचेत ठोकायचा चौकोनी पोलादी तुकडा.

पुली बसवली, मोटर चालू केली आणि अख्खी लेथ थरथरायला लागली. भिंतीपलीकडे मांडणीवरची ताटं वाजू लागली.

"अहो, बंद करा ते," बायको आतून म्हणाली. "वरणाचं पातेलं चालत ओट्याच्या कडेला आलंय."

पुली एका बाजूला जड होती. त्यावरचा उपाय मला माहीत होता, म्हणजे दादाला करताना बघितला होता. दोन पोलादी पट्ट्या धार वर करून समांतर, अगदी पाणसळीत उभ्या करायच्या. पुली एका गुळगुळीत दांड्यावर चढवून दांडा पट्ट्यांवर ठेवायचा आणि हात काढून घ्यायचा. जड बाजू आपोआप फिरून खाली येते. तिथे ड्रिलने भोक पाडून वजन कमी करायचं, परत ठेवायची. कशीही सोडली तरी पुली जागची हलली नाही की बॅलन्स झाली.

मी ते केलं. पाच भोकांत पुली पट्ट्यांवर गप्प बसली. शाफ्टवर चढवली तर ताटं वाजलीच, उलट जास्त. उतरवून परत पट्ट्यांवर ठेवली. हलेना. चढवली, थरथर. आठवडाभर हेच. बेअरिंग बदललं. मोटर उघडली. पाया कच्चा असेल म्हणून काँक्रीट ओतलं. शेवटी भंगारवाल्याला फोन केला आणि वाकडा शाफ्ट गळ्यात मारलास म्हणून वाटेल ते बोललो.

तो शांतपणे म्हणाला, "शेठ, भाव पाडताना अर्धा तास शाफ्टला डोळा लावून तुम्हीच बघत होता. तेव्हा सरळ होता ना?"

मी फोन आपटला.

त्यात बायकोने रविवारी दादाला जेवायला बोलावलं. मला न विचारता. "भाऊजींचे गुडघे गेले, तुमचं बीपी वाढलं," ती म्हणाली. "आणखी किती वर्षं भांडणार?"

भांडण साधं नव्हतं. आम्ही ब्लोअर बनवायचो, कारखान्यातली गरम हवा बाहेर फेकणारे मोठे पंखे. बनवायचा दादा, विकायचो मी. प्रत्येक ब्लोअर पाठवण्याआधी तो चालू मशीनच्या बेअरिंगवर रुपयाचं नाणं कडेवर उभं करायचा. पडलं तर ब्लोअर परत आत. एकदा आठ ब्लोअरचे पंखे बॅलन्स करून ठेवून तो गावी गेला, सासरे आजारी होते. मागे मी ते जोडून घेतले आणि पाठवले. आठही थरथरतात म्हणून परत आले. मी गिऱ्हाइकाला सांगितलं, बॅलन्सिंग माझा भाऊ बघतो, त्याला विचारा. दादा गावाहून आल्यावर त्याच्या कानावर गेलं. सगळ्या कामगारांसमोर तो म्हणाला, "याला नाणी मोजता येतात, उभी करता येत नाहीत." महिनाभरात वाटणी झाली.

ते वाक्य मी सहा वर्षं गिळू शकलो नाही. रविवारी माझ्या अंगणात, माझ्या लेथवर उभं राहिलेलं नाणं त्याने बघायचं, एवढंच मला हवं होतं.

गुरुवारी दुपारी वैतागून मोटर बंद केली आणि पुली मंदावेपर्यंत तिच्याकडे बघत बसलो. तिच्या तोंडाशी काहीतरी गरगरत होतं. चावी. खाचेत बसून वर दोन बोटं बाहेर आलेली. फुकट मिळालेलं लोखंड कापून फेकायला माझा हात धजला नव्हता. आणि पट्ट्यांवर पुली ठेवताना मी खाच रिकामी ठेवत होतो. म्हणजे रिकाम्या खाचेमुळे समोरची बाजू जड भरायची, तिथलं लोखंड मी काढलं आणि मग खाचेत एवढं लांब लोखंड ठोकलं. दादा खाचेत चावी घालून बॅलन्स करायचा. मी शंभर वेळा बघितलं होतं, पण तेव्हा लक्ष फोनवरच्या गिऱ्हाइकाकडे असायचं.

चावी शिकंज्यात धरून करवत चालवायला लागलो आणि हात थांबला.

त्या आठ ब्लोअरच्या चाव्या मीच आणल्या होत्या. एकगठ्ठा, स्वस्तात, लागतात त्याहून लांब. जोडणारा कामगार म्हणाला होता, "शेठ, कापून लावतो. दादा कापायला लावतात." मी म्हणालो होतो, "गाडी दारात उभी आहे. तशाच लाव."

सहा वर्षं जपलेला राग असा हातातून निसटतो, तेव्हा माणूस आणखी चिडतो. दादाने परत आलेले ब्लोअर उघडले होते. चाव्या त्याला दिसल्याच असणार. मग तेव्हाच का नाही बोलला?

चावी कापली, खाचेत घालून पुली परत पट्ट्यांवर ठेवली आणि आता उलट्या बाजूला भोकं पाडली. शनिवारी नाणं उभं राहिलं. ताटं गप्प होती. मला काहीच बरं वाटलं नाही.

रविवारी दादा आला. जेवला, भात दोनदा घेतला, बायकोशी गुडघ्यांविषयी बोलला. शेवटी तिनेच त्याला मागे पाठवलं. त्याने मोटर चालू करायला सांगितलं नाही. पुली हाताने फिरवली. चावीच्या कापलेल्या टोकावरून अंगठा फिरवला.

"आधी या बाजूची भोकं पाडलीस."

"हो."

"खाच रिकामी ठेवून."

"हो."

"चाळण केलीस पुलीची."

मी मोटर चालू केली. त्याने बेअरिंगवर तळहात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मग म्हणाला, "बरी आहे."

बरी. माझं डोकंच फिरलं. "तेव्हा का नाही बोललास?" मी म्हणालो. "ब्लोअर उघडलेस तेव्हा चाव्या दिसल्या असतील तुला."

"तू विचारलंस? तू गिऱ्हाइकाला सांगून मोकळा झाला होतास."

मी मोटर बंद केली. "ठीक आहे. त्यातले चार माझ्यामुळे."

"आठ."

"घाईची ऑर्डर होती, दादा. पाच धर."

"आठ."

"सहा. तूही कामगारांना नीट सांगून गेला नव्हतास."

दादा भिंतीला टेकून उभा राहिला, गुडघ्यावरचा भार बदलला. आकडा न बदलणारी माणसं मी आयुष्यभर बघितली आहेत, त्यांच्यापुढे कधी थांबायचं तेही मला कळतं.

"आठ," मी म्हणालो.

"हं." त्याने शर्टाच्या बाह्या वर केल्या. "आता पाना आण आणि ती पुली उतरव. बरी आहे म्हणालो, चांगली आहे असं नाही म्हणालो."