कागदाखालचं नाव

फ्रँकफर्टला नदीकाठी शनिवारी जुना बाजार भरतो. तिथे एक म्हातारा केव्हाच बंद पडलेल्या एका छोट्या अमेरिकन रिदम अँड ब्लूज कंपनीच्याच रेकॉर्ड विकतो. कंपनीचं नाव दिसतं. गाणाऱ्याच्या नावावर मात्र कागद चिकटवलेला. विचारलं की घसा खाकरून, जर्मन 'तर मग'नं सुरुवात करत म्हणतो, "आल्झो, डीजे लोक नावं चोरतात; नाव कळलं की तीच रेकॉर्ड शोधून स्वतः वाजवतात. झाकायची पद्धतच आहे."

एका रेकॉर्डवर बाईचा आवाज असा लागलाय, की हातातली पिशवी खाली ठेवावी लागते. तरी मी पडलो पुणेकर. नाव लपवतोय, म्हणजे माल डुप्लिकेट असणार, हे मी धरूनच चाललो होतो.

परवा तो "जरा बघा हं" म्हणून कॉफी आणायला गेला. मी लगेच त्या बाईच्या रेकॉर्डवरचा कागद नखानं उचकटला. खाली आणखी एक कागद होता, पिवळा पडलेला, कडेला नखाचे ओरखडे.

"गेनाऊ, अगदी बरोबर," मागून तो म्हणाला. "तो खालचा कागद मला रेकॉर्ड विकणाऱ्यानं लावलेला. मीही इथवरच आलो होतो. पुढे ओढलं की नावच फाटतं."

मग त्यानं कॉफीचा एक कप माझ्या हातात दिला, आणि गोंदाची ट्यूब.