बाकाची गुजरातकडची बाजू

गेल्या मार्गशीर्षात एका गुरुवारी संध्याकाळी सुरतेकडून आलेली गाडी नवापूर स्थानकावर थांबली आणि माझा मित्र तिच्यातून खाली उतरला नाही.

उतरायचं ठरलं होतं. फलाटावरच्या बाकावर दोघांनी बसून एक फोटो काढायचा आणि गाडी सुटायच्या आत त्याने परत चढायचं, असा बेत होता.

बाक साधा आहे. महाराष्ट्र आणि गुजरात यांची हद्द या स्थानकाच्या मधोमध जाते आणि ती नेमकी या बाकाखालून जाते. अर्धा बाक नंदुरबार जिल्ह्यात, अर्धा तापी जिल्ह्यात, मध्ये रंगवलेली रेष. तिकीट महाराष्ट्रात मिळतं, स्टेशनमास्तर गुजरातेत बसतात. गाडीची घोषणा चार भाषांत होते. ती संपेपर्यंत कधी कधी गाडी येऊन उभी राहिलेली असते.

मित्र मूळचा शहाद्याकडच्या गावचा. नोकरीनिमित्त नवापुरात आला आणि एका पोल्ट्रीत व्यवस्थापक म्हणून निवृत्त झाला. मी एका दैनिकाचा तालुक्याचा वार्ताहर होतो. काम थांबल्यावर आम्ही रोज संध्याकाळी त्या बाकावर बसू लागलो. तो गुजरातच्या बाजूला, मी महाराष्ट्राच्या. असं ठरवलं कोणी नव्हतं. पहिल्या दिवशी बसलो तसे पुढे बसत राहिलो.

रोज प्रत्येकाने एक गंमत आणायची. नियम एकच होता आणि तो माझा होता: स्वतः पाहिलेली असली पाहिजे. सांगीव चालणार नाही.

एकदा तो त्याच्या अहिराणीत म्हणाला, "नाक्यावर कोंबड्यास्नी गाडी उभी व्हती. एक कोंबडीनी अंडं दिधं. कोंबडी महाराष्ट्रनी, अंडं गुजरातनं!"

"तू पाहिलंस?"

"ड्रायवरनी सांगं."

"मग बाद."

"अरे भो, कोंबडीनी सही आणू का?"

मी पुस्तकी मराठी बोलतो, यावरही त्याची टीका असे. "तू बोलस का बातमी वाचस?" असं तो विचारायचा. मी उत्तर द्यायचो, तेही बातमीसारखंच असायचं.

त्याची एक गंमत मात्र मी विनाचौकशी मान्य केली, कारण ती आमच्यासमोरच घडली. एक माणूस पिऊन आला आणि बाक रिकामा दिसताच आडवा झाला. डोकं महाराष्ट्रात, पाय गुजरातेत. गुजरातेत दारूबंदी आहे. मित्र त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "पेयेल ते डोकं शे. पायस्वर केस कशी व्हई?" त्या दिवशी आम्ही उभ्यानेच बोललो.

दोन वर्षांपूर्वी त्याची पत्नी गेली. मुलगी सुरतेला असते. ती त्याला घेऊन गेली.

मी एकटा राहतो. संध्याकाळी बाकावर जाणं मी चालू ठेवलं. गंमत गोळा करायची सवयही सुटली नाही. सलूनच्या पाटीवर 'येथे गरम केस कापले जातील' असं रंगवलेलं दिसलं. बस स्थानकात एक शेळी कंडक्टरच्या मागे बसमध्ये चढली आणि मालक खालून तिला मावची बोलीत समजावत राहिला. अशा गोष्टी मी पाहिल्या. फोनवर सांगून पाहिल्या. त्याला अलीकडे फोनवर नीट ऐकू येत नाही. तो "हा, हा" म्हणतो आणि चुकीच्या जागी हसतो. म्हणून मी फोटो पाठवू लागलो. फोटो पाठवला की थोड्या वेळाने त्याच्याकडून अंगठा येतो. पाटीला अंगठा आला. शेळीलाही अंगठा आला.

बाकाची कीर्ती आता मोबाइलवर पसरली आहे. लांबून लोक येतात. जोड्या, भाऊभाऊ, कॉलेजचे मित्र. एक इकडे बसतो, एक तिकडे. फोटो काढायला तिसरा माणूस लागतो आणि तो बहुतेक वेळा मी असतो.

"काका, जरा उठता का? आणि उठलाच आहात तर फोटो पण काढा ना. मधली रेष आली पाहिजे."

मी रेष आणतो. असे किती फोटो काढले, याची नोंद नाही. एकदा एका जोडीचा फोन परत देताना लक्षात आलं की त्या बाकावर आमच्या दोघांचा एकही फोटो नाही. रोज समोर असलेल्या माणसाचा फोटो कोण काढतो?

मार्गशीर्षात त्याच्या पुतण्याचं लग्न शहाद्याला होतं. तो मुलीबरोबर रेल्वेने नंदुरबारपर्यंत जाणार होता. मी फोटोची गोष्ट काढली. ती त्याला पहिल्याच वेळी नीट ऐकू आली.

"गाडी थांबस ना! मी उतरसू, बाकवर बठसू, फोटो काढसू, आन् परत चढसू."

"आणि गाडी सुटली तर?"

"सुटनी ते सुटनी. तुन्हा घर खिचडी खासू. लगीन मन्हं थोडंच शे?"

गुरुवारी दुपारी मी तांदूळ धुऊन ठेवले. ते दोन माणसांचे होते.

गाडीच्या बऱ्याच आधी मी बाकावर पोहोचलो. माझ्या जागी बसलो आणि गुजरातच्या बाजूला रुमाल टाकला. दोघा प्रवाशांनी बाकाची चौकशी केली. जागा धरली आहे, असं मी सांगितलं. फलाटावर एक कॉलेजची मुलगी गाडीची वाट पाहत होती. तिच्या हातात माझा फोन दिला आणि सगळा बेत समजावला.

"म्हणजे ते उतरतील, बसतील, मी काढायचा, आणि ते पळतील?"

"पळणार नाहीत. गुडघे दुखतात. चालतील."

"मग दोन-तीन पटपट काढते."

गाडी आली. त्याचा डबा बाकासमोर थांबला नाही. पुढे गेला, बराच पुढे, महाराष्ट्राच्या टोकाकडे. दारात तो उभा दिसला. डोक्याला मफलर होता. मागे त्याची मुलगी होती आणि तिने त्याचा दंड धरला होता.

"पप्पा, नको ना! सुटेल गाडी!" हे मला ऐकू आलं.

तो एक पायरी खाली आला. मुलीने दंड सोडला नाही. फलाटावर चढणाऱ्यांची गर्दी झाली होती. त्याने माझ्याकडे पाहून हात वर केला आणि काहीतरी ओरडून सांगितलं. त्याच वेळी घोषणा सुरू झाली. एक भाषा संपली, दुसरी सुरू झाली. तो सांगतच होता. आजची गंमत सांगतो आहे, असं मला वाटलं. ऐकू यावं म्हणून मी उठलो, दोन पावलं पुढे गेलो आणि कानामागे हात धरला.

"काका, बसा ना!" कॉलेजची मुलगी मागून म्हणाली. "तसाच काढू का?"

गाडी हलली. तो पायरीवरून वर गेला. चौथी भाषा संपली तेव्हा शेवटचा डबा जात होता.

मुलीने फोन परत दिला. "एकच आला," ती म्हणाली. "ते आजोबा नीट नाही आले. सॉरी."

लग्न झाल्यावर त्याचा फोन आला. दारातून काय गंमत सांगत होतास, असं मी विचारलं. दोनदा विचारावं लागलं.

"कसानी गंमत? मी तुले सांगी ऱ्हायंतू, बठ, बठ! फोटो काढू दे!"

"मला वाटलं..."

"हा, हा," तो म्हणाला आणि हसला.

फोटो माझ्याकडे आहे. डाव्या कडेला मी उभा आहे, कानामागे हात. दूर डब्याच्या दारात एक मफलर आणि वर केलेला हात दिसतो. मधली रेष स्वच्छ आली आहे. बाकाची महाराष्ट्राकडची बाजू रिकामी आहे. गुजरातकडच्या बाजूला रुमाल आहे.

तो फोटो मी त्याला पाठवला. थोड्या वेळाने अंगठा आला.