अर्धी फटफटी

बोलता बोलता त्याची उजवी मूठ आवळायची आणि मनगट हळूच मागे वळायचं. समोर टेबल, टेबलावर पावतीपुस्तक, आणि हा गृहस्थ हवेत ॲक्सिलरेटर पिळतोय! चहाला उशीर झाला की जोरात, साहेब तपासणीला आले की सावकाश. ज्याला खुर्ची चावते असा एखादा माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. आमच्या छिंदवाडा रस्त्यावरच्या जकात नाक्यावर तो होता.

"बसून बसून जंग लागते गा," असं म्हणून तो उठायचा. उठून जायचा कुठं, तर नाक्याच्या आडव्या दांड्यापर्यंत. तिथून सावनेरकडे जाणारा रस्ता डोळे बारीक करून पाहायचा आणि परत यायचा. दुसऱ्यांचे ट्रक थांबवायचे, पावती फाडायची, दांडा वर करायचा, की ते पुढे आणि आपण तिथंच. मला ती नोकरी मानवली. त्याला शेवटपर्यंत मानवली नाही. आता नाकाही गेला आणि तोही गेला.

तरुणपणी त्याच्याकडे फटफटी होती. लग्न झाल्यावर बायकोला मागे बसवून तो तिच्या माहेरी, सावनेरला, जायचा. मोहल्ल्यात तेव्हा तो चर्चेचा विषय होता. एकदा रेल्वे फाटकात रुळावरून चाक सरकलं. त्याला खरचटलंसुद्धा नाही. तिचा पाय मोडला, आणि जुळला तो आखूड जुळला. आठवड्याच्या आत त्याने गाडी येईल त्या भावात विकून टाकली आणि पुढची बारा-तेरा वर्षं सायकल हाणली. बायको त्याला एका शब्दाने बोलली नाही.

"बोलली असती तं बरं झालं असतं," तो मला म्हणाला होता. "शिव्या देल्या असत्या तं मोकळा झालो असतो गा."

तिचं सावनेरला जाणं जवळजवळ बंदच झालं. एसटीची पायरी उंच, त्यात गर्दी, आणि पाय असा. म्हातारी आई तिकडे वाट पाहायची. हे त्याच्या मनात सारखं कुरतडत असे.

पुढे पेट्रोलचे भाव भडकले. लोकांनी फटफट्या विकायला काढल्या, आणि नेमकी तेव्हाच या गड्याला घ्यायची हुक्की आली.

"अरे, पेट्रोल परवडत नाही म्हणून लोक विकताहेत," मी म्हणालो.

"म्हणूनच तं स्वस्तात भेटून राहिली! अर्धी तुही, अर्धी माही. बोल."

त्याचा हिशेब मात्र पक्का होता. आमची ड्युटी बारा बारा तासांची. मी दिवसा असलो की तो रात्री, पुढच्या हप्त्यात उलट. सकाळी मी गाडीवर यायचं आणि त्याने तिच्यावर घरी जायचं. संध्याकाळी त्याने यायचं आणि मी जायचं. गाडी एक, मालक दोन, आणि सीट कधी थंड होत नसे. पहिल्या दिवशी त्याने नाक्याभोवती एक चक्कर मारली, उतरला, घाम पुसला. "पाय विसरून गेले गा," म्हणाला. चेहरा पांढराफटक पडला होता. मला वाटलं, याचा अर्धा हिस्साही आता माझ्याच गळ्यात येणार. पण दुसऱ्या दिवशी तो पुन्हा बसला.

खर्च निभवायला त्याने सुपारी-तंबाखूचा खर्रा सोडला. खर्रा सुटल्यावर तर तो अगदीच बेचैन झाला. पावत्या उभ्यानेच फाडू लागला. टायर रिमोल्ड करून घेतले, उतार लागला की इंजिन बंद. ट्रकवाले हसत हसत ऑइलचा डबा पुढे करायचे, पण त्याला तो हात लावत नसे. "एक डबा घेतला का नाका विकला," असं त्याचं म्हणणं. सचोटीचा माणूस, पण सोबतीला फार थकवणारा.

पेट्रोलची वाटणी आम्ही बांबूच्या काडीने करायचो. गाडी घेताना टाकीत काडी बुडवायची, आणि देताना तेवढीच ओली झाली पाहिजे. एका हप्त्यात काडी रोज कमी भिजायला लागली. रात्रपाळी करून दिवसा झोपायचं सोडून हा जातो कुठं? विचारलं तर म्हणाला, "इंजिन पिते गा. म्हातारं झालं." पण दुसऱ्या दिवसापासून काडी बरोबर भिजायला लागली. त्याने संध्याकाळचा चहाही सोडला होता.

मग एके दुपारी तो शहराबाहेरून आमच्याच नाक्यावर आला. मागच्या सीटवर दोरीने करकचून बांधलेलं एक पोतं. नुकताच बदलून आलेला शिपाई नियमाचा पक्का. त्याने हात आडवा केला.

"पोत्यात काय माल आहे?"

"बायको," हा म्हणाला आणि निघून गेला. शिपाई माझ्याकडे पाहत राहिला.

संध्याकाळी मी त्याला धरलं. पोत्यात वाळू होती. नाक्याच्याच काट्यावर मोजून भरलेली, बेचाळीस किलो. ती मागे बांधून तो रोज आडवाटेने खापरखेड्याच्या कोळशाच्या रेल्वे फाटकापर्यंत जायचा आणि तिथले रूळ पुन्हा पुन्हा ओलांडायचा. मागे वजन असताना चाक कसं सरकतं, कसं सावरायचं, ते पाहत होता. जमल्यावर तिला विचारणार होता.

"अन् ती नाही म्हणाली तर?"

तो खाली बसून चेन तपासायला लागला. गाडी घेतली त्याच दिवशी ती त्याला म्हणाली होती, "तुमची तुम्ही चालवा. मले बस नका म्हणू." हे मला माहीत होतं. त्यामुळे मी पेट्रोलचं काडीने मोजणं तेव्हापासून बंद केलं.

थोड्याच दिवसांनी ती स्वतःच सायकलरिक्षा करून नाक्यावर आली. लंगडत आत आली आणि उभ्यानेच विचारलं, "भाऊजी, खरं सांगा. हे कोणाचा माल नेऊन राहिले? मोहल्ल्यात लोक बोलून राहिले. यांची नोकरी गेली तं आम्ही कुठं जाऊ?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात बाहेर फटफट ऐकू आली. तिला पाहताच त्याने ब्रेक मारला आणि गाडी बंद पडली.

"काय आहे त्या पोत्यात?" तिने विचारलं.

शिपाई पुढे झाला आणि अगदी अदबीने म्हणाला, "बाई, त्यात साहेबांची बायको आहे."

आता मलाच सगळं सांगणं भाग होतं. फाटक, वाळू, काटा, सगळं सांगितलं. ती ऐकत गाडीजवळ गेली आणि पोत्यावर हात ठेवून उभी राहिली.

"बेचाळीसच काहून?"

"दवाखान्यात तुहं वजन घेतलं होतं," तो खाली पाहून म्हणाला. "तेवढंच ध्यानात आहे. बाकी काहीच आठवत नाही."

ती एकदा पोत्याकडे, एकदा स्वतःकडे पाहायला लागली. ती आता चांगली भरलेली, चाळिशीकडे झुकलेली बाई होती.

"अन् आता मी तुमाले बेचाळीसची दिसते?"

शिपाई आधी हसला, मग मी. तीही हसली. तो मात्र हसला नाही. आपली सगळी मेहनत वाया गेली, असा चेहरा करून उभा होता. मला त्याची फार कीव आली, आणि तेवढाच तो आवडलाही.

"सोडा ते पोतं," ती म्हणाली.

मी आणि शिपायाने दोरी सोडून पोतं खाली घेतलं. त्याच्यावर पाय देऊन ती सीटवर चढली, आखूड पाय दोन्ही हातांनी उचलून नीट ठेवला. त्याने किक मारली. लागली नाही. पुन्हा मारली. माझ्याकडे वळून तो हळूच म्हणाला, "माह्यानं नाही होत गा."

"तुझी रात्रीची ड्युटी मी करतो," मी म्हणालो.

"फाटकापर्यंत जाऊन वापस येऊ," तो तिला म्हणाला.

"फाटकापर्यंत काहून? सावनेरले चला. माय वाट पाहून राहिली असन."

तो हँडल धरून नुसता बसून राहिला. मागून तिने दोन्ही हातांनी त्याला कमरेत धरलं, सगळ्या नाक्यासमोर.

"मी धरलं आहे जी," ती म्हणाली. "चला आता."

गाडी सुरू झाली आणि बैलगाडीच्या चालीने रस्त्याला लागली. नाक्यापाशी शहरातून निघालेला एक रिकामा ट्रक हॉर्न वाजवत त्यांच्या मागे यायला लागला. मी धावत जाऊन त्याच्या समोर उभा राहिलो आणि हात आडवा केला.

"क्या हुआ मुंशीजी? गाडी तो खाली है."

"मालूम है," मी म्हणालो. "जरा रुको."

ती दोघं पार दिसेनाशी होईपर्यंत मी त्याला सोडला नाही.