गुलाबरावांची कानस

चहाचा कप ठेवायला जागा करावी म्हणून मी कोपर जरा सरकवलं आणि टेबलावरचे तिन्ही ट्रे खाली गेले. कप शाबूत राहिला. साठेक शिंपले फरशीवर पसरले, आणि कुठला शिंपला कुठल्या ट्रेतला हे सांगणाऱ्या चिठ्ठ्या पंख्याच्या वाऱ्याने कपाटाखाली गेल्या. मी आदल्या दिवशी फोन करून, खास शिंपले पाहायलाच आलो होतो.

रायपूरहून समुद्र चांगला लांब. तरी आमच्या बूढ़ापाऱ्यातले गुलाबराव मेश्राम बावीस वर्षं कॉलेजच्या भूगर्भशास्त्र विभागात शिंपले धुतात, दात घासायच्या ब्रशने, लेकराचं तोंड पुसावं तसे. हे शिंपले संशोधन करणाऱ्या दीक्षाने ओडिशाच्या किनाऱ्यावरून आणलेले, आजच्या भरतीच्या रेषेच्या वरचे, मातीच्या तीन थरांतले. एकेका थराच्या शिंपल्यांचं वय काढलं, की समुद्र कधी किती उंच होता ते कळतं. थर मिसळले तर उरते नुसती रास. पुन्हा आणावेत, तर ती जागा आता रस्त्याखाली गेलेली.

दीक्षा दारातच थिजली. "काका, मेरे चार साल..." एवढंच म्हणाली.

मी गुडघ्यांवर बसून गोळा करू लागलो.

"भाऊ, तुम्ही हात नका लावू," गुलाबराव म्हणाले. "अन् पोरी, तू काहून रडून राहिली? एक उचल. काठ पाह्य."

काठावर कानशीने घातलेली बारीक खाच होती. दुसऱ्या शिंपल्यावर दोन, आणखी एकावर तीन.

"खालच्या थराले एक, मधल्याले दोन, वरच्याले तीन. शाई लावली तर वय काढताना घोळ होते. विहारातल्या भांड्यांले टिपके घालतो ना मी, तसंच."

ते टिपके मला चांगले ठाऊक. भोजनदानानंतर दरवर्षी दुसऱ्याचं एखादं पातेलं माझ्याच घरून परत जातं.

अर्ध्या तासात तिन्ही ट्रे भरले. दीक्षाने शिंपले मोजले, परत मोजले, खुर्चीत बसली आणि माझा गार झालेला चहा एका घोटात पिऊन टाकला. माझाही जीव भांड्यात पडला. तोंड सुटलं.

"गुलाबराव, चिठ्ठ्या होत्या, तरी ह्या खाचा घालायचं कधी सुचलं तुम्हाले?"

"काल, तुम्ही येतो म्हणाले तेव्हा."